कूपर: इंग्रजांचे आडनाव आणि पारशांचेही

कॅम्पवासी, पुणे (प्रश्न):

सर्व जाणकारांना नमस्कार. मुंबई इलाख्यात १९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेचा कारभार सुरू झाला, त्या काळाविषयी मी सध्या वाचत आहे. निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष ठरलेल्या काँग्रेसने आरंभी सत्ता स्वीकारली नाही, म्हणून साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ बनवले आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांच्याकडे सूत्रे जाईपर्यंत ते इलाख्याचे पंतप्रधान राहिले. प्रांताच्या प्रमुख मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत असत. हे वाचताना त्यांच्या आडनावापाशी मी थांबलो. मुंबईत जुहूला डॉ. आर. एन. कूपर यांच्या नावाचे रुग्णालय आहे, साताऱ्याच्या उद्योगांच्या इतिहासात कूपर हे नाव ठळक आहे, आणि दुसरीकडे इंग्लंड-अमेरिकेत हेच आडनाव लावणारी असंख्य माणसे आहेत.

या आडनावाचा मूळ अर्थ काय, ते इंग्लंडमध्ये केव्हा रूढ झाले, आज ते कुठे कुठे आढळते, आणि पारशी कूपरांचा इंग्रज कूपरांशी काही नातेसंबंध आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्याकडे आडनाव कळले की आपण लगेच गाव आणि घराणे विचारतो. इंग्लंडमधील सगळ्या कूपरांचे मूळ अशाच एखाद्या गावी किंवा एका कुळात शोधता येईल का, तेही कृपया सांगावे.


जुने दप्तर, कसबा पेठ:

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. कूपर म्हणजे लाकडी पिंपे, बादल्या आणि टाक्या बनवणारा कारागीर. लॅटिनमध्ये ‘कूपा’ म्हणजे लाकडी पीप. तो शब्द उत्तर समुद्राकाठच्या डच आणि जर्मन बोलींमध्ये गेला, तिथे पिंप बनवणाऱ्याला ‘कूपर’ म्हणू लागले, आणि त्या किनाऱ्यांशी चालणाऱ्या मध्ययुगीन व्यापारातून हे नाव इंग्रजीत रुळले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते इंग्लंडच्या नोंदींत माणसांच्या नावापुढे दिसू लागते.

परंतु एवढ्याने हे आडनाव इतके सर्वदूर का पसरले ते कळत नाही, आणि त्यासाठी पिंप म्हणजे त्या काळी काय होते, हे लक्षात घ्यावे लागते. पत्रा, काच आणि प्लास्टिक यांच्या आधीच्या युरोपात साठवण आणि वाहतूक या दोन्ही गोष्टी पिंपावर अवलंबून होत्या. बिअर, मद्य, पाणी, खारवलेले मांस, खारवलेली हेरिंग मासळी, लोणी, साबण, पीठ, खिळे, बंदुकीची दारू, यांपैकी काहीही एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे ते पिंपातून. भरलेले पिंप आडवे केले की एकटा माणूस ते ढकलत नेऊ शकतो, मधला भाग फुगीर असल्यामुळे ते सहज वळवता येते, आणि जहाजाच्या तळघरात त्याच्या रांगा एकमेकींवर नीट बसतात.

ते बनवण्याचे काम मात्र अत्यंत कौशल्याचे आहे. ओकच्या फळ्या आधी दीर्घकाळ वाळवायच्या, प्रत्येक फळी मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती तासायची, तिच्या कडांना असा तिरपेपणा द्यायचा की सगळ्या फळ्या वर्तुळात उभ्या केल्यावर सांध्यात फट राहणार नाही. मग त्या एका कडीत उभ्या करून आत विस्तव ठेवायचा, लाकूड तापून मऊ झाले की दुसरी टोके आवळून आणायची, कड्या ठोकून बसवायच्या आणि दोन्ही तोंडांच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात झाकणे बसवायची. यात ना खिळा लागतो ना सरस. फळ्यांची मोजमापे बहुतांशी नजरेनेच ठरतात, आणि तरीही तयार पिंपात ठरलेल्या मापाइतकेच द्रव्य मावले पाहिजे, कारण कर आणि किंमत त्या मापावर ठरत असे. नऊ गॅलनचे फर्किन, अठरा गॅलनचे किल्डरकिन, छत्तीस गॅलनचे बॅरल आणि चोपन्न गॅलनचे हॉग्जहेड ही बिअरची मापे इंग्लंडमध्ये दीर्घकाळ टिकली.

या धंद्यातही पोटभेद होते. द्रवपदार्थांसाठी घट्ट सांध्यांची पिंपे करणारा वेगळा, पीठ किंवा खिळे यांसाठी साधी, सैलसर पिंपे करणारा वेगळा, आणि बादल्या, घंगाळी, लोणी घुसळण्याची भांडी असे घरगुती सामान करणारा वेगळा. लंडनमधील कूपरांच्या संघटनेला १५०१ साली सातव्या हेन्रीने सनद दिली आणि ती संघटना आजही अस्तित्वात आहे.

आता आडनावाकडे येतो. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर आधी जमीनदारांमध्ये आणि पुढे दोन-तीन शतकांत सामान्य लोकांमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावे रूढ झाली. माणसाची पहिली नावे मोजकीच होती. एका गावात चार जॉन आणि पाच विल्यम असत. करवसुली करणाऱ्याला आणि जमिनीची नोंद ठेवणाऱ्याला त्यांच्यात फरक करावाच लागे. म्हणून कोणी टेकडीजवळचा जॉन झाला, कोणी रॉबर्टचा मुलगा जॉन झाला आणि कोणी पिंपवाला जॉन झाला. आरंभी ही निव्वळ ओळख होती आणि मुलगा दुसरा धंदा करू लागला की ती बदलत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३७७ ते १३८१ या काळात बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या पाहिल्या तर त्यांत हा बदल प्रत्यक्ष घडताना दिसतो, कारण काही ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलेला आहे आणि आडनाव एक, धंदा दुसरा अशी माणसे त्यांत आढळतात. तिथे ओळखीचे आडनाव झालेले असते.

यातूनच आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. प्रत्येक बाजारपेठेच्या गावात पिंपवाला होता, तेव्हा हे आडनाव एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो घरांत स्वतंत्रपणे सुरू झाले. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटिश आडनावे आणि वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांचा पडताळा घेतला, तेव्हा दुर्मिळ आडनावांच्या पुरुषांमध्ये समान पूर्वजाच्या खुणा मोठ्या प्रमाणावर सापडल्या, परंतु स्मिथसारख्या अतिसामान्य धंदेवाचक आडनावात तसे काहीच दिसले नाही. कूपरांनाही मी याच दुसऱ्या वर्गात ठेवीन. या नावाला एक मूळ गाव नाही आणि एक मूळ पुरुषही नाही.


नकाशे आणि माणसे, कोथरूड:

जुने दप्तर यांनी पाया घालून दिला आहे. मी प्रसाराविषयी लिहितो, कारण या आडनावाचा नकाशा फार बोलका आहे.

इंग्लंडमध्ये कूपर हे पहिल्या पन्नास आडनावांपैकी एक आहे आणि ते जवळजवळ देशभर पसरलेले आहे. मात्र पश्चिमेच्या टोकाला, म्हणजे कॉर्नवॉल आणि डेव्हनकडे, ते विरळ होत जाते. तिथे पिंपे बनत नव्हती असे नाही. त्या भागात पिंपाला कडी बसवणारा या अर्थाचा दुसरा शब्द चालत होता, म्हणून तिथल्या कारागिरांच्या वंशजांचे आडनाव हूपर झाले. सॉमरसेट, डेव्हन आणि कॉर्नवॉल येथे हूपर आजही अधिक आढळतात. असाच प्रकार कापड कुटून घट्ट करणाऱ्या कारागिरांच्या बाबतीत झाला आहे: त्यांच्या वंशजांना आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेकडे व मध्य भागात वॉकर म्हणतात. धंदा तोच असून बोली बदलली की आडनाव बदलते, आणि म्हणून आडनावांचा नकाशा हा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या बोलींचा नकाशा म्हणूनही वाचता येतो.

वेल्समध्ये कूपर कमी आहेत, त्याचे कारण वेगळे आहे. तिथे वडिलांच्या नावावरून ओळख सांगण्याची पद्धत फार उशिरापर्यंत टिकली आणि शेवटी आडनावे घ्यावी लागली तेव्हा जोन्स, डेव्हिस, विल्यम्स अशी वडिलांच्या नावांवरूनच घेतली गेली. धंद्यावरून आडनाव पडण्याचा काळ तोवर मागे पडला होता. स्कॉटलंडमध्ये कूपर आणि त्याचेच कूपर असे उच्चारले जाणारे, पण वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे रूप ईशान्य भागात बरेच आहे. तिथे एक सावधगिरी बाळगावी लागते. फाइफ परगण्यात कूपर याच नावाचे एक गाव आहे, आणि त्या गावावरून ज्यांना आडनाव मिळाले त्यांचा पिंपांशी संबंध नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात हेरिंगचा मोठा व्यापार चालला, पिंपांचे कारागीरही तिथे प्रचंड संख्येने होते, परंतु तोपर्यंत आडनावे पक्की होऊन शतके लोटली होती, म्हणून त्या व्यापाराचा या नावाच्या दाटीशी संबंध जोडू नये.

इंग्लंडच्या भटक्या रोमानी समाजातही कूपर हे एक प्रसिद्ध आडनाव आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

युरोपात नजर टाकली तर हाच धंदा प्रत्येक भाषेत आडनाव होऊन बसला आहे. डचांमध्ये तो कायपर होतो. सौरमालेच्या सीमेवरील कायपर पट्ट्याला ज्यांचे नाव दिले ते नेदरलँड्समध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर याच नावाचे. जर्मन भाषक प्रदेशात एकट्या या धंद्याची किती रूपे आहेत पाहा: उत्तरेला व पूर्वेला ब्योट्शर, फ्रांकोनियात ब्युटनर, नैर्ऋत्येला क्यूफर, बव्हेरियात शेफलर आणि ऑस्ट्रियात बिंडर. युक्रेनमध्ये बोंदारेंको आणि बोंदारचुक, पोलंडमध्ये बेदनारेक, चेक लोकांत बेदनार्झ आणि हंगेरीत कादार. हंगेरीचे कम्युनिस्ट नेते यानोश कादार यांचे हे जन्माचे आडनाव नव्हते, भूमिगत काळात घेतलेले टोपणनाव होते. भूमिगत कार्यकर्त्याला गर्दीत मिसळून जाणारे नाव हवे असते आणि कादार हे तितके सामान्य होते.

आता समुद्रापलीकडे. अमेरिकेत कूपर पहिल्या शंभर आडनावांत आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून गेलेल्या लोकांचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्या जहाजावर पिंपांची देखभाल करण्यासाठी साउदॅम्प्टन बंदरात नोकरीस ठेवलेला कारागीर होता, त्याचे नाव जॉन ऑल्डन. आणि त्याच जहाजावर ह्युमिलिटी कूपर नावाची सुमारे वर्षाची एक मुलगी होती, जी आपल्या मावशी किंवा आत्याच्या नात्यातील दांपत्याबरोबर चालली होती. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीच धंदा एका घरी आणि आडनाव दुसऱ्या घरी, अशी फारकत पूर्ण झालेली होती.

अमेरिकेतील कूपरांत तीन-चार वेगवेगळे प्रवाह मिसळलेले आहेत. इंग्लंडहून गेलेल्यांचे वंशज आहेत. गुलामगिरीतून १८६५ साली मुक्त झालेल्या आणि मालकाचे किंवा स्वतः निवडलेले आडनाव लावणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे वंशज आहेत. त्याआधीच अमेरिकेतून काही कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत जाऊन लायबेरिया वसवली होती, तिथल्या प्रतिष्ठित घराण्यांतही कूपर आहे. शिवाय कायपर, क्यूपर, कुपरमन असे काही आडनाव घेऊन आलेल्या डच, जर्मन आणि ज्यू स्थलांतरितांनी ते इंग्रजी वळणाचे करून घेतले. ऑस्ट्रेलियात विल्यम कूपर नावाचे योर्टा योर्टा समाजाचे आदिवासी नेते होऊन गेले. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचलेच, शिवाय जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांचा निषेध करण्यासाठी डिसेंबर १९३८ मध्ये ते मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर शिष्टमंडळ घेऊन गेले. त्यांचे वडील गोरे मजूर होते, तिथून हे आडनाव आले. या सगळ्या माणसांना केवळ आडनावाच्या आधारे एका वृक्षाच्या फांद्या म्हणणे अशक्य आहे.


आळीकर, पुणे:

वरील दोन्ही उत्तरे मन लावून वाचली. मला एक शंका आहे, आणि ती मी आपल्याकडच्या अनुभवातून मांडतो. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे. तांबट, कासार, लोहार, सुतार ही नावे आपल्याकडे धंदाही सांगतात आणि जातही सांगतात. त्यांच्यावरून लग्नाचे संबंध ठरत आले आहेत. मग इंग्लंडमध्ये कूपर ही अशीच एक जात होती असे म्हणायला काय हरकत आहे? संघटना होती, सनद होती, धंद्याचे पोटभेद होते.


जुने दप्तर, कसबा पेठ:

आळीकर, शंका रास्त आहे, परंतु साम्य आपण म्हणता तितके पुढे जात नाही. इंग्लंडमधील कारागिरांच्या संघटनेत प्रवेश मिळवण्याचा मुख्य मार्ग उमेदवारीचा होता. मुलगा साधारण सात वर्षे उस्तादाच्या घरी राहून काम शिकत असे, आणि तो मुलगा शेतकऱ्याचा असो की शिंप्याचा, उमेदवारी पूर्ण केल्यावर तो पिंपांचा कारागीर होत असे. वडिलांच्या धंद्यात मुलगा पुष्कळदा जात असे, कारण हत्यारे आणि गिऱ्हाईक घरचे असत. पण त्याने बाहेर जाऊ नये असे बंधन नव्हते आणि विवाह धंद्याच्या आत व्हावा अशी रूढीही नव्हती. म्हणून आडनाव एकदा गोठल्यानंतर धंद्यापासून ते झपाट्याने सुटले. पंधराव्या शतकात कूपर नावाचा माणूस न्हावी असू शकत होता आणि उत्तम पिंपे बनवणाऱ्याचे आडनाव बेकर असू शकत होते. आपल्याकडे जात धंद्याला धरून राहिली आणि धंदा सुटला तरी जात राहिली. तिकडे धंदा सुटल्यावर मागे केवळ अक्षरे राहिली.

आपल्या इतिहासात इंग्रजी धंदेवाचक आडनावांच्या अधिक जवळचे काही असेल तर ती दरबारी कामांची आडनावे: फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस. इंग्लंडमध्येही स्ट्युअर्ट, मार्शल, चेंबरलेन, स्पेन्सर ही अशाच अधिकारपदांवरून पडलेली आडनावे आहेत. मराठेशाही लयाला गेल्यावर कोणी फडणीस फडावर बसला नाही, तरी आडनाव टिकले. शिवाय चिटणीस प्रभूंमध्ये आहेत तसे ब्राह्मणांमध्येही आहेत, म्हणजे आडनाव एक आणि मूळ अनेक हा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही.


बंडगार्डनचा वाचक, पुणे:

कॅम्पवासी यांच्या प्रश्नाचा पारशी आडनावांविषयीचा भाग अजून शिल्लक आहे, आणि हा विषय माझ्या घरचा असल्यामुळे मी तो घेतो.

अठराव्या शतकापर्यंत पारशी समाजात स्थिर आडनाव असे बहुधा नसे. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढी ओळख पुरत असे. ज्यांच्या देणगीतून आपल्या मुळा-मुठेवरचा बंड, म्हणजे बंधारा, बांधला गेला त्या जमशेदजी जीजीभाई (१७८३ ते १८५९) यांच्या नावातही आडनाव नाही. जीजीभाई हे वडिलांचे नाव आहे. त्यांना १८५७ साली बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली तेव्हा या पद्धतीची अडचण उभी राहिली, म्हणून १८६० साली खास कायदा करून पदवीच्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून जमशेदजी जीजीभाई हेच नाव घ्यावे असे ठरवावे लागले. हेच जमशेदजी तरुणपणी बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या मामांच्या हाताखाली होते आणि त्या काळात बाटलीवाला हे नावही लावत असत. ते नाव त्यांच्या घराण्यात टिकले नाही, मात्र इतर अनेकांच्या घरी बाटलीवाला टिकले.

मुंबई वाढत गेली, इंग्रजांची कचेरी, गोदी, न्यायालय आणि लष्कर यांच्याशी पारशांचा रोजचा व्यवहार सुरू झाला, तेव्हा सरकारी कागदांत आडनाव लिहिणे आवश्यक झाले. मग कोणी गाव धरले आणि भरूचा झाला, कोणी धंदा धरला. सुरतेहून १७३६ साली मुंबईच्या गोदीत आलेल्या लवजी नसरवानजींचे घराणे जहाजे बांधणारे म्हणून वाडिया झाले. पुण्यातील वाडिया महाविद्यालयाला याच घराण्यातील नौरोसजींचे नाव आहे. दारूवाला, मिस्त्री ही देशी शब्दांवरून पडलेली आडनावे, तर इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, डॉक्टर ही थेट इंग्रजी शब्दांची. रोख पैसा पुरवणाऱ्या कावसजी जहांगीर यांच्या घराण्याला रेडीमनी हे नाव मिळाले. कूपर हे या इंग्रजी धंदेवाचक मालिकेतलेच आडनाव आहे.

हा धंदा मुंबईला परका नव्हता, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडहून येणारी बिअर हॉग्जहेडमधून येत असे. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या आणि १८२० नंतर बर्टन गावच्या भट्ट्यांमधून हिंदुस्थानसाठी खास बिअर निघत असे. मुंबईच्या बंदरात उतरलेला असा माल घाट चढून पुणे आणि खडकीच्या छावण्यांपर्यंत पोहोचत होता. जहाजांवरचे पाणी आणि खारवलेले मांस पिंपांत, बंदुकीची दारू पिंपांत, आणि हजारो मैलांच्या समुद्रप्रवासानंतर गळकी झालेली पिंपे दुरुस्त करणारे हात बंदरात लागणारच. गोदीच्या कामात पारशी सुतार आधीपासून तरबेज होते. जहाजाची फळी वाकवणे आणि पिंपाची फळी वाकवणे यांत हातोटी बरीचशी सारखी असते.

तेव्हा पारशी कूपर आणि इंग्रज कूपर यांच्यात नाते धरण्याचे कारण नाही. परंतु नाव पडण्याची रीत मात्र एकच आहे, आणि मला त्याचे फार महत्त्व वाटते. बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यात करवसुली करणाऱ्या कारकुनाने जे केले तेच एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कचेरीत घडले. इंग्लंडमध्ये ही घडामोड जुन्या लॅटिन आणि फ्रेंच नोंदींतून अंदाजाने उकलावी लागते. मुंबईत ती छापील कागदांच्या काळात घडली. आडनाव कसे जन्मते याचा अभ्यास करणाऱ्याने पारशी समाजाकडे अवश्य पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

या बाबतीत लोक पारशी आडनावांवर विनोद करून थांबतात, याचे मला वाईट वाटते. स्मिथ, टेलर, कूपर ही इंग्रजांची आडनावे कोणाला विनोदी वाटत नाहीत. ती जुनी झाली आहेत एवढाच फरक आहे.


कॅम्पवासी, पुणे:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या वाचनाला यामुळे निश्चित दिशा मिळाली. आणखी एकच विचारतो. जुन्या कागदांत, विशेषतः इंग्रजी नोंदवह्यांत, एखाद्या कूपर घराण्याचा माग काढायचा असेल तर कोणती काळजी घ्यावी? पुण्याच्या लष्करी वस्तीतील जुन्या नोंदी पाहण्याचा माझा विचार आहे, आणि तिथे इंग्रज, अँग्लो-इंडियन आणि पारशी अशा तिन्ही प्रकारचे कूपर एकत्र भेटण्याची शक्यता आहे.


नकाशे आणि माणसे, कोथरूड:

पहिली काळजी अक्षरांची. इंग्रजीत या आडनावाची किमान तीन रूपे प्रचलित आहेत आणि एकच कुटुंब एका पिढीत एक, दुसऱ्या पिढीत दुसरे रूप लिहिताना आढळते. अठराव्या शतकातील कवी विल्यम कूपर यांचे आडनाव लिहिण्यात ‘काउपर’ असे वाचले जाईल अशी अक्षरे आहेत, तरी त्याचा परंपरागत उच्चार कूपर असाच आहे. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने १५३८ सालापासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी प्रत्येक चर्चमध्ये ठेवल्या जाऊ लागल्या, आणि त्या लिहिणारा पाद्री कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे. म्हणून शोध घेताना एकाच रूपावर थांबू नये.

दुसरी काळजी पहिल्या नावाची. लष्करी वस्तीच्या नोंदींत बाप्तिस्म्याची नोंद असेल तर ते कुटुंब ख्रिस्ती, हे उघड आहे. ते इंग्रज की अँग्लो-इंडियन हे मात्र त्यावरून ठरत नाही, त्यासाठी आईचे नाव, वडिलांची पलटण आणि हुद्दा पाहावा लागेल. पारशी कुटुंबांत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम असतो, त्यामुळे धनजीशा बोमनजी कूपर अशी नोंद दिसली की शंकेला जागा राहत नाही. अडचण येते ती केवळ आद्याक्षरे लिहिलेल्या याद्यांत. डी. बी. कूपर असे लिहिले असेल तर जोडीची दुसरी नोंद मिळाल्याशिवाय काहीही ठरवू नये.


बंडगार्डनचा वाचक, पुणे:

त्यात एक भर घालतो. पारशी कुटुंबांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मागे जाताना आडनावाचा धागा एकदम तुटतो, कारण त्याआधी ते आडनाव लावलेच जात नव्हते. सख्ख्या भावांनीही पुष्कळदा वेगवेगळी आडनावे घेतली आहेत, एकाने धंद्याचे तर दुसऱ्याने गावाचे. म्हणून कूपर हे नाव शोधत बसण्यापेक्षा वडील, आजोबा, पणजोबा अशी नावांची साखळी धरून मागे जावे. अग्यारीला किंवा धर्मशाळेला दिलेल्या देणग्यांच्या शिलालेखांत ही साखळी बहुधा दोन-तीन पिढ्यांची मिळते, आणि ज्याच्या स्मरणार्थ देणगी दिली त्याचे नावही तिथेच कोरलेले असते. बरेचसे शिलालेख गुजरातीत आहेत. लिपी देवनागरीच्या इतकी जवळची आहे की मराठी वाचकाला थोड्या सरावाने ते वाचता येतील.